पुरेसेपणाचा अलंकार

तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यान, कावेरीच्या सुपीक खोऱ्यात, पापनाशम नावाचे गाव आहे. संगीताच्या अभ्यासकांना ते पापनाशम शिवन (१८९०–१९७३) या वाग्गेयकाराच्या नावामुळे ठाऊक असते, तर यात्रेकरूंना तेथील एकशे आठ शिवलिंगांच्या मंदिरामुळे. राक्षसवधाचा दोष फेडण्यासाठी रामाने येथे लिंगस्थापना केली, अशी स्थलकथा आहे. या कथेतील नैतिक सूक्ष्मता ध्यानात घेण्याजोगी आहे. वध न्याय्य होता, शत्रू दुष्ट होता, आणि तरीही कर्त्याच्या ठायी दोष उरलाच. तो नाकारण्यात आला नाही किंवा पराक्रमाच्या स्तुतीखाली दडवण्यातही आला नाही; एकेक लिंग मोजून तो मान्य करण्यात आला. गावाच्या नावात ‘नाश’ हा शब्द आहे, ‘आच्छादन’ हा नाही. दोष नाहीसा करणे आणि दोष झाकणे या दोन क्रिया दुरून सारख्या दिसत असल्या, तरी त्यांच्यातील अंतर मोठे आहे. ज्यांना हाताने वस्तू घडवावी लागते त्यांच्यापुढे हे अंतर रोज उभे राहते.

या परिसरात असे हात पिढ्यान्पिढ्या वावरत आले आहेत. पापनाशमपासून थोड्याच अंतरावर स्वामिमलैचे ओतारी मेणाच्या साच्यातून देवमूर्ती घडवतात. तंजावरात फणसाच्या लाकडातून वीणा कोरली जाते. या थोर कलांच्या शेजारी एक अगदी लहान वस्तू ठेवून पाहावी. ती म्हणजे लेथवर एकेक करून कातलेली, दुसऱ्या लाकडाची किंवा पितळेची नक्षी अंगात भरलेली लाकडी लेखणी. अशा लेखण्या कोणा एका गावाची मिरासदारी नाहीत. देशात आणि परदेशांत अनेक कारागीर व हौशी मंडळी त्या करतात. वीणेला रागसंगीताचा आणि मूर्तीला पूजेचा आधार असतो. लेखणीला असा आधार नाही. ती एक साधन आहे, आणि साधनावर नक्षी का असावी हा प्रश्न तिच्या बाबतीत उघड्यावर येतो. म्हणूनच अलंकाराच्या नीतीचा विचार करण्यास ही लहान वस्तू मोठ्या वस्तूंपेक्षा अधिक सोयीची ठरते.

प्रश्न जुना आहे आणि त्याची दोन टोकाची उत्तरेही जुनीच आहेत. व्हिएन्नाचा वास्तुकार आडोल्फ लोस याने विसाव्या शतकाच्या आरंभी अलंकाराला गुन्ह्याच्या शेजारी बसवले. त्याचा युक्तिवाद केवळ अभिरुचीचा नव्हता. नक्षीवर खर्च झालेले श्रम वाया जातात, नक्षी करणाऱ्याला त्यांचा पुरेसा मोबदला मिळत नाही, आणि फॅशन बदलली की वस्तू झिजण्यापूर्वीच टाकून दिली जाते, असा त्याचा आर्थिक आणि नैतिक आक्षेप होता. परंतु त्याच निबंधात तो आपल्या चांभाराजवळ येऊन थबकतो. जोड्यांवरची नक्षी काढून टाकायला सांगितली तर त्या माणसाचा कामातला आनंदच हिरावला जाईल, हे त्याला कळते, आणि तो ती नक्षी सोसतो. सिद्धान्ताला पडलेली ही चीर त्याने बुजवली नाही, हा त्याच्या प्रामाणिकपणाचा भाग होय.

मराठी परंपरेतील एक दाखला अधिक समतोल आहे. रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात, कागद, शाई आणि बोरू कसे निवडावेत, याचा तेथे बारकाईने विचार आहे. बोरू घट्ट, बारीक आणि सरळ असावेत, ही तेथील अपेक्षा आहे. निरनिराळ्या रंगांच्या बोरूंनाही तेथे मनाई नाही. क्रम मात्र पाहण्यासारखा आहे. आधी घट्टपणा आणि सरळपणा येतो, रंग त्यांच्या मागून येतो. परमार्थाच्या ग्रंथात लेखणीच्या गुणदोषांना जागा मिळावी, यातच साधनाविषयीची एक नैतिक भूमिका दडलेली आहे. जे काम पवित्र मानायचे त्याचे हत्यार बेफिकिरीने निवडता येत नाही, अशी ती भूमिका आहे.

या विचाराचे खरे सूत्र मात्र ‘अलंकार’ या शब्दातच सापडते. ‘अलम्’ म्हणजे पुरेसे, आणि अलंकार म्हणजे पुरेसे करणे. आनंद कुमारस्वामी यांनी १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात या व्युत्पत्तीकडे लक्ष वेधले होते. वस्तूला तिच्या कार्यासाठी जे सज्ज करते ते अलंकरण, आणि वस्तूवर वरून लादलेली शोभा हा त्या शब्दाचा पुढे उतरत गेलेला अर्थ, असे त्यांचे प्रतिपादन होते. पण ‘अलम्’ या अव्ययाचे आणखी एक काम संस्कृत वाचणाऱ्या प्रत्येकाला परिचयाचे असते. ते थांबवण्याचे काम होय. बोलणे लांबू लागले की ‘अलम्’ म्हणून ते आवरले जाते. म्हणजे शोभेसाठी आणि थांबण्यासाठी भाषेने एकच मूळ निवडले. ज्याला कोठे थांबावे हे कळत नाही त्याला अलंकार करता येत नाही, एवढा निष्कर्ष या शब्दातून काढण्यास हरकत नसावी. लाकडाच्या एका तुकड्यावर तो तपासून पाहता येतो.

नक्षीदार लेखणीचा आरंभ एका चौकोनी ठोकळ्यातून होतो. त्याची बाजू सुमारे दोन सेंटिमीटर आणि लांबी बोटाहून थोडी अधिक असते. लाकूड मुरलेले असावे लागते. ओल राहिलेले लाकूड कातताना साथ देते आणि नंतर दगा देते. नक्षीच्या अनेक पद्धतींपैकी एक विशेष विचार करायला लावणारी आहे. ठोकळ्याच्या एका बाजूने तिरका काप घेतात, पण तो आरपार नेत नाहीत. थोडे लाकूड राखून करवत थांबवावी लागते, नाहीतर दोन तुकड्यांची एकमेकांशी असलेली ओळ बिघडते. करवतीने पाडलेल्या खाचेत नेमक्या तेवढ्याच जाडीची, वेगळ्या रंगाच्या लाकडाची पातळ पट्टी चिकटवून ठोकळा दाबून ठेवतात. ती सुकली की ठोकळा पाव फेरा वळवून दुसऱ्या बाजूने तसाच तिरका काप, मग तिसऱ्या आणि चौथ्या बाजूने. प्रत्येक नवा काप आधीच्या पट्ट्यांना छेदत जातो. हे सगळे संपल्यावर ठोकळ्याकडे पाहिले तर काही आडव्यातिडव्या सरळ रेषांखेरीज काहीच दिसत नाही. सौंदर्याचा मागमूस नसतो.

मग ठोकळ्याच्या मधोमध भोक पाडून त्यात पितळी नळी बसवतात आणि तो लेथवर चढवतात. हत्यार लागताच कोपरे उडतात, चौकोन गोल होऊ लागतो, आणि त्या सरळ पट्ट्या वळू लागतात. गोल दांड्याला तिरक्या पातळीने छेदले की छेदाची कड लंबवर्तुळाकार होते, हा भूमितीचा साधा नियम आहे. चार पट्ट्यांची चार वलये एकमेकांत गुंतलेली दिसतात, जणू कोणी दोऱ्यांची गाठ मारून ती लाकडात बसवली असावी. प्रत्यक्षात वक्ररेषा कोणीच कोरलेली नसते. पट्टी सरळ होती आणि सरळच राहिली. देह गोल झाला म्हणून ती वळलेली दिसते. नक्षीचा आकार देहाच्या आकारातून निघाला.

आनंदवर्धनाने नवव्या शतकात काव्यातील अलंकाराविषयी जी कसोटी सांगितली तिची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. रसात गढलेल्या कवीला जो अलंकार वेगळा यत्न न करता साधतो, तो ध्वनिकाव्यात ग्राह्य. ज्यासाठी रसाकडे पाठ फिरवून निराळा खटाटोप करावा लागतो, तो त्याज्य. विरहशृंगारात यमकांची हौस करू नये, असे तो बजावतो ते याच कारणाने. ‘अपृथग्यत्न’ या त्याच्या कल्पनेचा अर्थ ‘श्रमांवाचून’ असा पुष्कळदा केला जातो. तो बरोबर नाही, हे ठोकळ्याच्या उदाहरणावरून समजते. नक्षीसाठी श्रम झाले आहेत. चार वेळा कापावे लागले, चार वेळा चिकटवून थांबावे लागले. पण अखेरचा यत्न एकच आहे. जी पटाशी देह घडवते तीच नक्षीही उघड करते. देह आधी पूर्ण करून नंतर त्यावर फुले चिकटवण्यात दोन यत्न होतात, आणि दुसरा यत्न काढून घेतला तरी पहिल्याचे काही बिघडत नाही. भरणीची पट्टी मात्र काढून घेता येत नाही. ती काढली तर लेखणीच तुटेल.

या एकयत्नाला एक नैतिक बाजूही आहे, आणि काव्यशास्त्रात ती स्पष्टपणे दिसत नाही. भरणीची नक्षी देहाचा धोका वाटून घेते. कातताना पितळी नळीवर लाकडाची भिंत एक-दोन मिलिमीटरच उरते. टोकांशी ती त्याहूनही पातळ होते. हत्यार बोथट असेल, हात घाईत असेल, तर एका क्षणात लाकडाची चकती उडून जाते. भरणीत पितळेची पट्टी असेल तर घर्षणाने ती तापते आणि चिकटवलेला सांधा सुटू लागतो. म्हणजे नक्षीमुळे वस्तूचा धोका वाढतो आणि वस्तू फुटली तर नक्षीही तिच्याबरोबर जाते. चिकटवलेल्या शोभेला असे काहीच सोसावे लागत नाही. ती सगळे पार पडल्यावर, सुरक्षितपणे, समारंभाला आल्यासारखी येते. अलंकार आणि सजावट यांत फरक करायचाच असेल तर तो येथे करता येईल. जी शोभा वस्तू घडत असताना वस्तूबरोबर मोडू शकत होती, तिला वस्तूचा भाग म्हणवून घेण्याचा अधिकार आहे.

कातकामानंतर घासकाम येते, आणि सचोटीची परीक्षा खरे पाहता तेथे आहे. काचकागदाचे अंक चढत जातात: दीडशे, दोनशे वीस, तीनशे वीस, चारशे, सहाशे. प्रत्येक कागदाने आधीच्या कागदाचे ओरखडे काढायचे आणि स्वतःचे, त्याहून बारीक, ओरखडे मागे ठेवायचे. दर टप्प्याला लेथ थांबवून लाकडाच्या रेषेने, लांबीच्या दिशेने, पुन्हा घासावे लागते; कारण फिरत्या लाकडावर उमटलेले वर्तुळाकार चरे फिरत असताना दिसत नाहीत. मधला एखादा अंक गाळला तर त्या वेळी काहीच बिघडलेले दिसत नाही. बोटाला पृष्ठभाग मऊ लागतो. मग त्यावर लाखेचे किंवा मेणाचे पॉलिश चढते, आणि दडून राहिलेला प्रत्येक चरा उजेडात येतो. पॉलिश दोष झाकते, असा सर्वसाधारण समज आहे. चांगल्या पॉलिशचे वर्तन याच्या नेमके उलट असते. ते पृष्ठभागाला पारदर्शक करते, आणि जे होते ते दाखवते.

येथे शेजारधर्माचाही एक प्रश्न येतो. शिसवासारखे काळे लाकूड आणि फिकट लाकूड शेजारी असेल, तर घासताना काळ्याची भुकटी फिकटाच्या रंध्रांत शिरून ते मळकट होते. पितळेचा कीस असेल तर डाग आणखी गडद पडतो. म्हणून कारागीर शक्य तेवढा पृष्ठभाग धारदार हत्यारानेच नितळ करतो, घासणे कमीत कमी ठेवतो, किंवा आधी लाखेचा पातळ हात देऊन रंध्रे बंद करून घेतो. दोन रंगांनी एकमेकांना उठाव द्यावा म्हणून ते जवळ आणले जातात. काळजी घेतली नाही तर जवळ आल्यानेच दोघेही डागाळतात.

मुख्य नैतिक पेच मात्र भेगेचा आहे. कितीही काळजी घेतली तरी एखादी पट्टी पुरती बसत नाही, किंवा लाकडातच केसासारखी चीर निघते. अशा वेळी त्याच लाकडाची भुकटी चिकटद्रव्यात कालवून चीर भरतात आणि वरून घासून घेतात. काम चोख असेल तर ती चीर कोणालाही दिसत नाही. हे फसवणुकीचे काम आहे का? एकदम ‘होय’ म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. भुकटी त्याच लाकडाची आहे आणि भरलेली चीर पुष्कळदा मूळ लाकडापेक्षा मजबूत असते. उलट ‘नाही’ म्हणणेही धोक्याचे आहे. कारण चीर वरवरची आहे की थेट नळीपर्यंत गेलेली, हे एकाच माणसाला ठाऊक असते. वरवरची चीर भरणे ही दुरुस्ती आहे. खोल चीर भरून ती अखंड म्हणून देणे हे असत्य आहे. दोन्ही ठिकाणी द्रव्य तेच, हालचाल तीच, आणि डोळ्याला दिसणारा परिणामही तोच. कृतीची नीती कृतीच्या बाह्य रूपावरून ठरत नाही, या तत्त्वाचे याहून साधे उदाहरण सापडणे कठीण.

जॉन रस्किनने १८४९ मध्ये वास्तुकलेच्या संदर्भात सत्याचा विचार करताना एक उपयुक्त भेद केला होता. इमारतीवरच्या सोन्याच्या मुलाम्याला तो फसवणूक मानत नाही, कारण घुमट अस्सल सोन्याचा असेल असे कोणी समजत नाही. दागिन्यावरचा मुलामा मात्र फसवणूक ठरतो, कारण तेथे पाहणारा सोने आहे असेच धरून चालतो. म्हणजे असत्य द्रव्यात नसते. पाहणाऱ्याच्या रास्त अपेक्षेचा भंग करण्यात असते. साध्या लाकडाला रंग देऊन ते शिसव म्हणून विकणे आणि साध्या लाकडाला आवडीने रंग देणे यांतला भेदही हाच आहे. कारागीर आणि ग्राहक यांच्यात न उच्चारलेला एक करार असतो, आणि पॉलिशच्या आतले सगळे त्या करारावर सोपवलेले असते.

तंजावरच्या वीणेच्या इतिहासाने या विचाराला आणखी एक, अधिक गंभीर, परिमाण दिले आहे. चोवीस पडद्यांच्या या वीणेच्या घडणीचे श्रेय परंपरा सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील रघुनाथ नायकाच्या काळाला देते. २०१३ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे फणसाचे लाकूड प्रामुख्याने पण्रुट्टीकडून येते. भोपळा, दांडी आणि टोकाचे याळीमुख एकाच ओंडक्यातून कोरले असेल तर ती ‘एकांड’ वीणा म्हणून अधिक मोलाची मानतात. या वीणेच्या कडांवर पूर्वी हस्तिदंताची भरणी असे. तपकिरी लाकडावर ती पांढरी रेघ शोभून दिसे, भोपळ्याची गोलाई डोळ्याला स्पष्ट करून देई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही मार्ग मिटला. त्या पांढऱ्या रेघेची जागा पुढे प्लॅस्टिकने घेतली.

या बदलाकडे ऱ्हास म्हणून पाहण्याची सवय रसिकांना आहे. हस्तिदंत काळाबरोबर पिवळसर आणि ऊबदार होत जातो, प्लॅस्टिक फक्त जुने होते; या तक्रारीत तथ्य नाही असे नाही. तथापि, वर मांडलेल्या कसोट्या लावल्या तर निर्णय इतका सरळ राहत नाही. वीणेला पांढऱ्या रेघेची गरज होती. ती रेघ तिचे ‘अलम्’ होते. हत्तीच्या दाताची गरज वीणेला कधीच नव्हती. ती मालकाच्या प्रतिष्ठेला होती. कायद्याने एका झटक्यात अलंकार आणि प्रतिष्ठा यांची फारकत करून दाखवली: रेघ राहिली, मृत्यू गेला. आजच्या ग्राहकाची हस्तिदंताची अपेक्षाच नसल्यामुळे रस्किनच्या कसोटीनेही ते प्लॅस्टिक निर्दोष ठरते. अलंकार कोणाच्या जिवावर उभा आहे, हा प्रश्न काव्यशास्त्राला विचारावा लागला नाही, कारण उपमेसाठी कोणाला मरावे लागत नाही. वस्तूंच्या जगात तो टाळता येत नाही. शिसवाच्या वंशातील सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून नियंत्रण आले, तेव्हा लेखणीच्या एका काळ्या पट्टीलाही हाच प्रश्न लागू झाला. पट्टी लहान आहे, हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. लहानपणामुळे एक सोय मात्र निर्माण होते: मोठ्या कामातून उरलेला, एरवी चुलीत गेला असता असा तुकडा तिला पुरतो. लेखणी कातणाऱ्यांपैकी पुष्कळांचे लाकूड अशा उरलेल्या तुकड्यांतूनच येते, आणि नक्षीची हौस तेथे काटकसरीशी हातमिळवणी करते.

यावर एक आक्षेप शिल्लक राहतो, आणि तो तंजावरातूनच घेता येतो. सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदपत्रे आणि मराठी हस्तलिखिते ज्या हातांनी लिहिली, त्यांच्याजवळ नक्षीदार लेखणी असण्याचे कारण नव्हते. दुसऱ्या सरफोजींच्या आज्ञेने १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा जो विस्तृत मराठी शिलालेख कोरला गेला, त्याचा मजकूरही कोणा चिटणिसाच्या साध्या बोरूखालूनच आधी उतरला असणार. जे टिकले ते अक्षर टिकले. बोरू झिजला, पुन्हा तासला आणि शेवटी फेकून दिला गेला. मग लेखणीच्या शोभेचा लेखनाशी संबंध काय?

आक्षेप खरा आहे आणि त्याचे पूर्ण निरसन करण्याची गरज नाही. नक्षीदार लेखणीने लेखन सुधारत नाही. तसा दावा करणारा विक्रेता वर सांगितलेला करार मोडतो. परंतु बोरूकडे नक्षी नव्हती याचे कारण त्याचा साधेपणा एवढेच नव्हते. त्याचे आयुष्य अल्प होते. चाकूने तासत जायचे ते साधन नक्षीसाठी अंग कोठून देणार? अलंकार हा टिकाऊपणाविषयीचा एक संकल्प असतो. जो माणूस दोन दिवस पट्ट्या चिकटवून थांबतो, तो ही वस्तू फेकली जाणार नाही असे गृहीत धरतो, आणि ते गृहीत खरे ठरावे म्हणून आतली नळी, सांधे आणि टोके तितक्याच निगुतीने करण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतो. ज्या काळात लिहिण्याचे साधन शाई संपताच कचऱ्यात जाते, त्या काळात या संकल्पाला लोसच्या आक्षेपाचेच उत्तर म्हणता येईल. नक्षीमुळे वस्तू लवकर टाकून दिली जाते, असे तो म्हणाला होता. देहात भरलेली नक्षी वस्तू राखून ठेवण्याचे कारण बनते.

मराठी समीक्षेने ‘कातीव’ हे विशेषण लेथवरून उचलले आणि गद्याला, चेहऱ्याला, शिल्पाला बहाल केले. ते वापरताना त्यामागची क्रिया सहसा ध्यानात राहत नाही. कातण्यात फक्त काढून टाकता येते. काढलेले परत लावता येत नाही. ओतारी मूर्तीचे मेण पुन्हा मळू शकतो, कातारी लाकूड पुन्हा वाढवू शकत नाही. म्हणून कातीव होण्याचा अर्थ घोटीव किंवा चकचकीत होणे असा नसून, हवे तेथे हत्यार उचलून घेण्याशी त्याचा संबंध आहे. अकराव्या शतकात क्षेमेंद्राने औचित्याची चर्चा करताना गळ्यात मेखला आणि कमरेला हार घालणाऱ्याचे हास्यास्पद चित्र काढले होते. त्याच्या दृष्टीने प्रश्न जागेचा होता. कातारी त्यात वेळेची भर घालतो. योग्य जागी असलेला अलंकारही एक फेरा अधिक झाला तर भिंतीतून आरपार जातो आणि आतले पितळ उघडे पडते.

कावेरीच्या खोऱ्यात ईशान्य मोसमी पावसाने हवा ओलसर होते, आणि नंतरच्या उन्हाळ्यात ती सुकते. लाकूड या दोन्ही ऋतूंना प्रतिसाद देते. त्याच्या आतले पितळ देत नाही. या ओढाताणीत कितीही चोख कामाची लेखणी काही वर्षांनी एखाद्या बारीक चिरेने उघडू शकते. तोवर ती दुसऱ्याच्या हातात असते आणि अंगठ्याखालचे पॉलिश झिजून तेथे नुसते लाकूड उरलेले असते. चिकटवलेली शोभा असती तर ती आधीच गेली असती. भरणीची वलये तशीच राहतात, कारण ती पृष्ठभागावर कधीच नव्हती. अशी लेखणी घडवणाऱ्याकडे परत आली तर त्याच्यापुढे तोच जुना प्रश्न पुन्हा येतो: चीर भुकटीने भरून अदृश्य करावी, की तिच्या वाटेने पितळाची एक बारीक तार बसवून ती दिसू द्यावी. दोन्ही मार्ग प्रामाणिकपणे अनुसरता येतात. दुसऱ्या मार्गात दोष मोजला जातो, मान्य होतो, आणि लेखणी पुन्हा लिहिण्यास पुरेशी होते. त्यानंतर हत्यार खाली ठेवावे.